स्पोर्टोमॅटिकचा ‘टक’ आधी ऐका

जुन्या पोर्शे ९११ मधल्या स्पोर्टोमॅटिक या अर्ध-स्वयंचलित गिअरबॉक्सला क्लचचं पेडलच नसतं. गिअरचा दांडा हलला की विजेवर चालणारी झडप उघडते आणि व्हॅक्यूमच्या जोरावर क्लच सुटतो. वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी गिअर टाकताना करकरली, तर लगेच गिअरबॉक्स उतरवू नका.

१. हँडब्रेक ओढा. इंजिन बंद, फक्त इग्निशन चालू.

२. दांडा हळूच हलवा. मागे इंजिनाजवळ त्या झडपेचं ‘टक’ वाजायला हवं. (कान द्यायला कुणालातरी तिथे उभं करा.)

३. वाजलं नाही? फ्यूज बघा, दांड्याच्या बुडातले कॉन्टॅक्ट पुसा. बऱ्याचदा नुसती धूळच असते.

४. वाजलं? मग व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या तपासा. एक चिरलेली दिसली तरी सगळ्या बदला.

आणि हो, चालवताना दांड्यावर हात टेकवायची सवय सोडा. तेवढ्यानेही क्लच सुटतो.