दोन खोल्यांच्या घरात तीन दिवसांची बेगमी

26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. 12 ऑक्टोबर 2020 ला पुराचा काही संबंध नव्हता, तरी वीजपुरवठ्याची यंत्रणा कोलमडली आणि मुंबई महानगर काही तास विजेविना राहिलं. कारण कुठलंही असो, फ्लॅटमध्ये पुढचं सगळं ठरलेलं: लाइट गेली की पंप बंद, पंप बंद की वरची टाकी रिकामी. आरओ आणि इंडक्शन तर त्याच क्षणी थंड. म्हणून वाण्याकडे जायच्या आधी पाण्याचा हिशोब करा.

1. पाणी
प्यायला आणि रांधायला माणशी रोज किमान तीन लिटर. चौघांना तीन दिवस म्हणजे 36 लिटर, वीस लिटरचे दोन जार. ते जमिनीवरच ठेवा. भरलेला जार माळ्यावर चढवणं म्हणजे संकटाला आमंत्रण. स्वतः भरलेलं पाणी सहा महिन्यांनी बदला. शंका आली तर खळखळ उकळून घ्या. वापरायच्या पाण्याचं पिंप वेगळं, घट्ट झाकणाचं, नाहीतर डास होतात.

2. न शिजवता खाता येईल असंच भरा
इथे बहुतेकांचं गणित चुकतं. दहा किलो तांदूळ आणि पाच किलो तूरडाळ घरात असते, पण दोन्हींना गॅस आणि भरपूर पाणी लागतं. चौघांसाठी माझी यादी अशी: पातळ पोहे दीड किलो, सातूचं पीठ एक किलो, भाजलेले शेंगदाणे एक किलो, फुटाणे, गूळ आणि खजूर अर्धा-अर्धा किलो, खाकऱ्याची चार-पाच पाकिटं, मेतकूट, दूध पावडर, लोणचं. कुरमुरे मला आवडतात, पण पाव किलोत अख्खा डबा अडतो. लहान घरात ते परवडत नाहीत. घरात मधुमेही असतील तर गूळ-खजुरावर भिस्त नको, दाणे आणि फुटाणे वाढवा. तान्ह्या बाळाचं आणि रोजच्या औषधांचं वेगळं काढून ठेवा.

3. जागा
तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर राहत असाल तर माळा बरा, पाणी शिरलं तरी डबे वाचतील. शेवटचा मजला असेल तर दिवाण बरा, कारण उन्हाळ्यात स्लॅब तापतो आणि दाणे खवट होतात. काहीही असलं तरी एकाच कोपऱ्यात सगळं ठेवा. अंधारात चार ठिकाणी शोधाशोध करायची नसते.

पोहे मंद आचेवर कोरडे भाजून, पूर्ण गार करून मगच डब्यात भरा. गरम भरले तर आत वाफ धरते आणि आठवड्यात वास येतो. गूळ चिघळतो, त्याला स्वतंत्र बरणी. पावसाळ्यात ओला चमचा डब्यात गेला की झालं! कल्याण.

4. लाइट गेल्यावर खायचा क्रम
फ्रिजचं दार सारखं उघडू नका. बंद ठेवलं तर आतलं साधारण चार तास गार राहतं. तेवढ्यात दूध, शिजवलेल्या भाज्या, उरलासुरला भात संपवा. तासन्‌तास बाहेर राहिलेला भात पुन्हा गरम केला तरी सुरक्षित होत नाही, तो टाकून द्या.

मग डब्यांकडे वळा. पातळ पोह्यांवर कच्चं तेल, तिखट, मीठ, दाणे आणि चिरलेला कांदा. वर लिंबू असेल तर उत्तमच. पोहे वातड वाटले तर पाण्याचा हलका हबका मारून दहा मिनिटं दडपून ठेवा. सकाळी सातू: गूळ पाण्यात विरघळवून त्यात पीठ कालवायचं, वाटलं तर दूध पावडर. मुलं कुरकुरली तर त्यालाच घट्ट मळून लाडू वळा, तूप थोडं जास्त.

गॅस चालू असेल तर चहा आणि पाणी उकळण्यापुरताच वापरा. खिडक्या लावून घरात कोळशाची शेगडी मात्र कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

5. फिरता माल
ही बेगमी शोकेसमध्ये ठेवायची नाही. महिन्याच्या किराण्यात नवं पाकीट मागे, जुनं पुढे, आणि पुढचं नाश्त्याला. मेअखेरीस सगळे डबे एकदा उघडून वास घ्या, पोरकिडे-जाळी बघा. पुराचं पाणी लागलेलं पाकीट वरून धुऊन कोरडं दिसलं तरी वापरू नका. कारखान्यातूनच सीलबंद आलेला पत्र्याचा डबा शाबूत असेल, तर तेवढाच साबणाने आणि मग क्लोरीनच्या पाण्याने धुऊन उघडता येतो.