प्लांट बेस्ड फोम घेताय? आधी त्याचा गॅस विचारा

उष्णता अडवायला छताखाली नाहीतर भिंतीत मारायच्या स्प्रे फोमच्या जाहिरातीवर हल्ली सोयाबीनच्या शेंगा नाहीतर एरंडाचं पान असतं, आणि आपल्याला वाटतं चला, तेलबियांचा आहे म्हणजे पर्यावरणाला चांगलाच असणार. मीपण आधी तेच धरून चाललो होतो. पण हा फोम बनतो कसा ते एकदा कळलं की सेल्समनला काय विचारायचं ते आपोआप सुचतं.

दोन ड्रम असतात, ए आणि बी. ए मध्ये आयसोसायनेट, म्हणजे बहुतेक वेळा एमडीआय, आणि ते पेट्रोलियममधूनच येतं, झाडाबिडाशी त्याचा काही संबंध नाही. बी मध्ये पॉलिओल (आयसोसायनेटशी जुळून फोम बनवणारं दुसरं केमिकल), फुगवणारा गॅस, क्रिया वेगाने घडवणारं कॅटलिस्ट, आग रोखणारं केमिकल असं सगळं. साधारण निम्मं निम्मं गनमध्ये मिसळतं. वनस्पती जी काय आहे ती बी ड्रममधल्या पॉलिओलमध्ये, तीपण बरेचदा थोडीच. समजा बी मध्ये २०% एरंडेल आहे, तर भिंतीवरच्या फोममध्ये ते उरलं जेमतेम १०%. बाकी सगळं नेहमीचंच पॉलियुरेथेन, म्हणजे या दोन ड्रमांतून बनणारं प्लास्टिक.

म्हणून पहिला प्रश्न, टक्केवारी कुठल्या ड्रमची सांगताय, बी ची की तयार फोमची? आणि एएसटीएम डी६८६६ चा रिपोर्ट आहे का? ही टेस्ट कार्बन-१४, म्हणजे हळूहळू नष्ट होत जाणारा किरणोत्सारी कार्बन, मोजते. ताज्या वनस्पतीत तो असतो आणि खनिज तेलात कोट्यवधी वर्षांत संपून गेलेला असतो, त्यामुळे इथे थाप मारता येत नाही.

दुसरं, दोन्ही ड्रमची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे केमिकलमध्ये काय आहे आणि धोके काय ते सांगणारा कंपनीचा कागद, वेगवेगळी मागा. सोळा सेक्शन असतात, सगळं वाचत बसू नका, तिसऱ्यात घटक दिलेले असतात तिथे जा आणि बी ड्रमच्या शीटमध्ये गॅस शोधा. माझ्या मते खरी मेख इथे आहे, तेलात नाही. तिथे एचएफसी-२४५एफए (किंवा पेंटाफ्लुरोप्रोपेन) लिहिलेलं दिसलं तर त्याचा १ किलो हवेत गेला की शंभर वर्षांच्या हिशोबाने साधारण १,००० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. थोडा मारतानाच निसटतो, थोडा वर्षानुवर्षं हळूहळू, आणि उरलेला फोम तोडताना. एवढ्यापुढे ते मूठभर सोयाबीन काय करणार सांगा. २०१६ च्या किगाली करारात हे एचएफसी कमी करत न्यायचं ठरलंय. त्यांच्या जागी आलेल्या एचएफओ गॅसचा हाच आकडा अगदी किरकोळ आहे, आणि पाण्याने फुगवलेल्या फोममध्ये तर नुसता कार्बन डायऑक्साइडच तयार होतो. म्हणजे साधा पेट्रोलियमवाला पण पाण्याने फुगवलेला फोम हा एचएफसीवाल्या 'हिरव्या' फोमपेक्षा बरा निघू शकतो.

तिसरं, मारणारा माणूस. एमडीआयने दमा जडू शकतो आणि एकदा शरीराने धसका घेतला की पुढे अगदी थोड्या वाफेनेपण त्रास होतो, एरंडेल घातल्याने यात काडीचा फरक पडत नाही. युरोपियन युनियनमध्ये तर ऑगस्ट २०२३ पासून ट्रेनिंगशिवाय हे केमिकल कामावर हाताळता येत नाही. तेव्हा फोम मारताना घरात थांबू नका, आणि परत कधी यायचं ते कंपनीकडून लेखी घ्या. नंतर एक तुकडा कापून बघा. ओपन सेल असेल तर दाबल्यावर स्पंजसारखा परत वर येतो, क्लोज्ड सेल कडक असतो. पण हाताने चुरा होत असेल किंवा बरेच दिवस मासळीसारखा वास येत असेल तर मिश्रणाचं प्रमाण चुकलेलं असू शकतं, पैसे देऊन मोकळं व्हायच्या आधी ते बघायला लावा.

एक मात्र खरं, फोम फटी बुजवतो तसं दुसरं काही सहसा बुजवत नाही आणि क्लोज्ड सेल कमी जाडीत जास्त उष्णता अडवतो. जागा अगदीच कमी असेल तर घ्या. पण जाडी ठेवायला जागा असेल तर रद्दी पेपरपासून बनवलेलं सेल्युलोज किंवा लाकडाच्या तंतूंचे बोर्ड बघा, ते उद्या काढता तरी येतात. फोम लाकडाला असा काही चिकटतो की खरवडावाच लागतो, आणि थर्मोसेट असल्यामुळे वितळवून पुन्हा वापरताही येत नाही, म्हणजे शेवटी कचऱ्यातच, मग तो सोयाबीनचा असो नाहीतर आणखी कशाचा.