कोरी सीडी घेताना या चुका टाळा

आमच्या अमळनेर तालुक्यातल्या गावी श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसवतात. आजीच्या आवाजातली कानबाईची गाणी ९० मिनिटांच्या एका जुन्या कॅसेटवर होती. ती मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, सीडी राईट केली आणि आदल्या संध्याकाळी गावी पोचलो. काकांच्या प्लेअरमध्ये सीडी टाकली तर नुसती घरघर, आणि मग ‘नो डिस्क’. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचं दळण निवडता निवडता काकूंनी विचारलं, "काय व्हयनं रे भाऊ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी कॉम्प्युटरवर तीच सीडी खणखणीत वाजली होती.

चूक एवढीच होती, की मी सीडी-आरडब्ल्यू घेतली होती. पुसून पुन्हा लिहिता येते, म्हणून ती जास्त चांगली असं वाटतं. पण साधी, एकदाच लिहिता येणारी सीडी-आर लेझरचा जवळपास ७० टक्के प्रकाश परत फेकते, आणि आरडब्ल्यू फक्त १५ ते २५ टक्के. जुन्या प्लेअरला एवढ्या मंद प्रकाशात काही दिसतच नाही. म्हणून कोरी सीडी घेताना दोन यंत्रं डोळ्यांसमोर ठेवा: ती लिहिणारा रायटर, आणि शेवटी ती वाजवणारा प्लेअर. गाडीत, देवळात किंवा गावच्या जुन्या डेकवर वाजवायची असेल तर सीडी-आरच घ्या.

आरडब्ल्यू हवीच असेल तर वेग नीट बघून घ्या, इथं फार जण फसतात. वेग ‘एक्स’मध्ये मोजतात, म्हणजे गाणं वाजण्याच्या वेगाच्या किती पट. तिचे वर्ग ठरलेले आहेत: साधी ४ एक्सपर्यंत, ‘हाय स्पीड’ ४ ते १२ एक्स, आणि ‘अल्ट्रा स्पीड’ त्याहून वरची, साधारण २४ एक्सपर्यंत. नवा रायटर जुन्या वर्गाची सीडी लिहितो. जुना रायटर मात्र वरच्या वर्गाची सीडी लिहीत नाही, वेग कितीही कमी करा. रायटरच्या ट्रेवर कोणता शिक्का छापलाय ते पाहून मगच दुकानात जा.

सीडी-आरचं तसं नाही. डब्यावर ५२ एक्स लिहिलेली सीडी १६ एक्सच्या रायटरवरही बहुतेक वेळा चालते. कोऱ्या सीडीत एक नागमोडी खाच आधीच कोरलेली असते आणि तिच्यात त्या सीडीची माहिती असते. रायटर ती वाचतो आणि लेझर किती जोरात मारायचा ते ठरवतो. ओळख पटली नाही तर अंदाजाने लिहितो, आणि मग मध्येच गाणं अडकतं. म्हणून ५० चा डबा उचलण्याआधी दोन-तीन सुट्या सीड्या आणून बघाव्यात. इमगबर्नसारख्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कची ही माहिती दिसते, आणि डब्यावरचं नाव एक, आतला माल दुसऱ्याचा, हेही तिथंच कळतं.

कॅसेट ९० मिनिटांची आणि सीडी ८० मिनिटांची, तेव्हा ९० मिनिटांची सीडी घ्यायचा मोह मलाही झाला. नका घेऊ. ती प्रमाणाबाहेरची असते, खाचेचे वेढे दाटीने बसवलेले असतात, आणि जुना प्लेअर नेमका शेवटच्या गाण्यांवर अडखळतो. दोन सीड्या करा. ‘म्युझिक’ लिहिलेल्या महाग सीड्याही कॉम्प्युटरसाठी लागत नाहीत. त्या टेपरेकॉर्डरसारख्या स्वतंत्र सीडी रेकॉर्डरसाठी असतात.

आणि डीव्हीडी? सीडी रायटर ती लिहीत नाही. कॉम्बो ड्राइव्ह डीव्हीडी वाचतो, पण लिहितो फक्त सीडी. ‘दोन्ही चालतं’ असं कुणी सांगितलं तर वाचायला की लिहायला, हे तिथंच विचारून घ्या.

लिहिताना घाई करू नका. ५२ एक्सवर ८० मिनिटांची सीडी तीनेक मिनिटांत होते, १६ एक्सवर सहा मिनिटं लागतात. ती तीन मिनिटं द्या. प्लेअरसाठी ‘ऑडिओ सीडी’ निवडा आणि डिस्क बंद करायला, म्हणजे फायनलाइझ करायला विसरू नका. नुसत्या एमपीथ्री फायली टाकल्या तर जुना प्लेअर मुकाच राहतो.

नाव लिहायला बॉलपेन वापरू नका. लिहिलेला थर खालच्या चकचकीत बाजूला नसून वरच्या छापील बाजूला, पातळ लेपाखाली असतो, आणि पेनच्या टोकानं तोच खरवडला जातो. सीडीसाठीचा मऊ टोकाचा मार्कर घ्या. आणि आपल्याकडचा उन्हाळा ध्यानात ठेवा. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी वर. सीडी-आरचा रंगथर, म्हणजे ज्यात गाणी लिहिली जातात तो थर, उन्हानंच आधी मरतो. पिशवीत घालून कपाटात ठेवा.

आजीच्या गाण्यांच्या आता दोन सीड्या आहेत, दोन्ही साध्या सीडी-आर, १६ एक्सवर लिहिलेल्या. पुढच्या वर्षी त्या मी आठवडाभर आधीच गावी पाठवल्या. काकूंनी पहिल्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवून पाहिल्या आणि मगच मला फोन केला.