पाटणादेवीचा कडा वाचायचा कसा

चाळीसगावहून पाटणादेवीला जाणारे बहुतेक जण दर्शन, धबधबा आणि डबा एवढ्यावर परततात. हा भाग १९८६ मध्ये जाहीर झालेल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो. डोंगर नीट बघायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. पावसाळ्यात धुकं कडा झाकतं आणि दगड निसरडे होतात. सोबत दुर्बीण, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि माणशी दोन लिटर पाणी घ्या.

आधी पायथ्याशीच थांबा आणि कड्याच्या पायऱ्या मोजा. भिंतीसारखी उभी, पण आडवी लांब जाणारी काळी पट्टी म्हणजे घट्ट बेसाल्ट, लाव्हा थिजून झालेला दगड. तिच्याखालचा उतरता, झुडपांचा पट्टा म्हणजे सच्छिद्र, ठिसूळ दगड. दोन थरांमध्ये कुठे विटकरी रेघ दिसली तर दुर्बीण तिथेच रोखा. एक लाव्हा थंड झाल्यावर त्यावर माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजली, तीच ही रेघ. इथे हमखास फसगत होते ती काळ्या ओघळांनी. ते पाण्याचे आणि शेवाळाचे डाग, थर नव्हेत. थर आडवा लांबवर जातो, ओघळ उभा उतरतो.

मुख्य कड्याचं तोंड खानदेशाकडे, म्हणजे उत्तरेला. त्यामुळे हिवाळ्यात तो दिवसभर सावलीत असतो. फोटो काढताना मोबाइलवर आकाशाला नाही, दगडाला बोट लावा, नाहीतर कडा नुसता काळा येईल. तिरपं ऊन हवंच असेल तर मे महिन्यात सकाळी सातच्या आत पोचा.

मग त्याच विटकरी, लाल थराच्या काठाने ओल शोधा. भेगांतून मुरलेलं पाणी त्या चिकण थरावर अडतं आणि आडवं बाहेर येतं. कोरड्या उतारावर मध्येच नेचे आणि हिरवी रेघ दिसली की झरा तिथेच.

पाणी कुठे आणि कोरडा खडक कुठे, हे झाडंही सांगतात. नाल्याकाठी उंबर, करंज. वर खडकाळ उतारावर सालई: साल कागदासारखी सुटते आणि डिंकाला धुपाचा वास येतो. पांढरं, गुळगुळीत खोड दिसलं तर ते कांडोळ. डिंकासाठी खोडाला चीर देऊ नका, सुटलेली साल हुंगली तरी पुरे.

दगडाच्या पोकळीतले पांढरे स्फटिक भिंगाने पाहा, खिशात टाकू नका. शेजारी नाणं ठेवून फोटो घ्या, म्हणजे आकार कळतो. जवळची पितळखोऱ्याची लेणी अशाच ठिसूळ दगडात कोरली आहेत, म्हणून ती इतकी ढासळली. तिथे पुढे झुकलेल्या छताखाली बसून डबा उघडू नका.