डिस्क बर्न करण्याआधी फाइलींची नावं मोजा

डेटा डीव्हीडी बर्न होते, नीट उघडतेही, आणि मग दिसतं की निम्म्या फाइलींची नावं मधेच तुटली आहेत. दोष बहुतेक वेळा डिस्कचा नसतो, फाइल सिस्टिमचा, म्हणजे डिस्कवर फाइली आणि त्यांची नावं मांडायच्या पद्धतीचा असतो.

आयएसओ ९६६० ही डेटा डिस्कची जुनी फाइल सिस्टिम. तिच्या पहिल्या पातळीत नावाला ८ अक्षरं आणि एक्स्टेन्शनला ३, एवढीच जागा, आणि फोल्डरात फोल्डर जास्तीत जास्त ८ पातळ्या. जोलिएट हा तिचाच विस्तार ६४ अक्षरं देतो आणि देवनागरीही चालवून घेतो. पण इथे एक गोम आहे: काना, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'किल्ला' डोळ्याला दोन अक्षरी दिसतो, संगणक मात्र सहा मोजतो! त्यामुळे 'सहलीचे फोटो पहिला दिवस सकाळ' हे नाव २७ भरतं, आणि याहून ऐसपैस नावं पटकन मर्यादेला टेकतात.

माझं मत विचाराल तर बर्न करताना सरळ यूडीएफ ही नवी फाइल सिस्टिम निवडा. त्यात देवनागरी नावाला १२७ पर्यंत जागा मिळते. फार जुन्या प्लेअरमध्ये डिस्क चालवायची असेल तरच जोलिएट.

नावं बदलायचा कंटाळा असेल तर अख्खा फोल्डर झिप करून 'फोटो१' ऐवजी 'photo1.zip' अशा आखूड नावाने टाका. आतली नावं शाबूत राहतात. मात्र ती झिप विंडोजवर उघडताना ड्राइव्हच्या मुळाशीच, कुठल्याही फोल्डरात न शिरता, उघडा, कारण तिथे बऱ्याच प्रोग्रॅमना पूर्ण पाथ (ड्राइव्ह, फोल्डर आणि फाइल यांची नावं मिळून होणारा पत्ता) २६० अक्षरांच्या आतच लागतो.