दोघंच तंबू घेऊन निघताय? या चुका टाळा

थंडी पडली की नाशिकला माझ्याकडे तंबू भाड्याने न्यायला येणाऱ्या जोडप्यांची रीघ लागते. गंगापूर रोडवरून येतात, इंदिरानगरहून येतात आणि सगळ्यांचे प्रश्न तेच. काका, थंडी वाजेल का? मोबाइल चार्ज कुठे करायचा? फोटोला सकाळी किती वाजता उठायचं? रात्री दोघांतल्या एकाला उलट्या सुरू झाल्या तर दुसऱ्याने काय करायचं, हे कुणी विचारत नाही. सहा-आठ जणांच्या टोळक्यात कुणी ना कुणी सावरून घेतं. दोघांत एक आडवा झाला की गाडी, तंबू, सामान आणि आजारी माणूस असं सगळं एकाच्याच गळ्यात पडतं.

गाडी एकालाच येते

ही चूक माझ्या डोक्यात जाते. बहुतेक वेळा येत असते दोघांनाही, पण बायकोचं लायसन्स लग्नाआधी काढलेलं आणि तेव्हापासून कपाटात.

असंच एक जोडपं डिसेंबरात भंडारदऱ्याला गेलं होतं. नाशिकहून सत्तरेक किलोमीटर, घोटीवरून वळलं की बारी, मग शेंडी. पण शेंडीला गर्दी फार म्हणून हे पुढे उडदावण्याच्या बाजूला, पाण्याकाठी, एकटेच उतरले. चिकनला सकाळी घरीच दही-मसाला लावून डबा डिक्कीत ठेवलेला. वाटेत मिसळ झाली, रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ झालं, फोटो झाले. रात्री आठला ते चिकन निखाऱ्यावर चढलं. कच्चं मांस दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये, हा साधा नियम आहे, आणि इथे उन्हात तापलेल्या डिक्कीत आख्खा दिवस गेलेला. त्यात बाहेरून काळं झालं की शिजलं, असा समज. तिने दोन तुकडे खाल्ले, बाकी त्याने.

मध्यरात्रीनंतर त्याला उलट्या, मग जुलाब. तो म्हणाला, "सकाळपर्यंत बघू." ती म्हणाली, बरं. पहाटे त्याच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले, लघवी कितीतरी तास झालेली नव्हती, बोलणं अडखळत होतं. गाडीचं तोंड पाण्याकडे, मागे चढ, चावी सापडेना, आणि सापडली तरी घाटरस्त्यावर एकटीने चालवायची हिंमत नाही. रेंज मिळेपर्यंत ती रस्त्यावर चालत गेली आणि मला फोन केला, "काका, आम्ही तलावाजवळ आहोत." अहो, त्या तलावाला वळसा घालायला दिवस जातो! कुठलं गाव मागे टाकलं ते तिला सांगता येईना. शेवटी दूध घालायला निघालेल्या एका माणसाने तिला पाहिलं, तोच गाडी चालवत राजूरच्या ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेला. सलाइन लागलं, संध्याकाळपर्यंत पठ्ठ्या उठून बसला.

तेव्हापासून मी तंबू देताना दोघांचीही लायसन्सं बघतो. एकालाच गाडी येत असेल तर शेंडीच्या पुढे जाऊ नका म्हणून सांगतो. काही जण चिडतात, दुसरीकडून तंबू नेतात. न्या बापडे! गाडी उजेड असतानाच वळवून, तोंड रस्त्याकडे करून लावायची. चावीची जागा दोघांना माहीत हवी. शेवटच्या गावाचं नाव कागदावर लिहून काचेला चिकटवायचं, कारण १०८ ला फोन लावल्यावर पहिल्यांदा ठिकाणच सांगावं लागतं. आणि जाताना रुग्णालयाची पाटी कुठल्या गावात दिसली ते नीट बघून ठेवायचं. लोक धबधब्याची पाटी बघतात.

ओआरएसच्या नावाखाली काहीही पाजणं

त्या रात्री तिने आधी गोड ज्यूसचे खोके पाजले. मग ओआरएसचं, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून द्यायच्या मीठ-साखरेच्या पावडरीचं पाकीट सापडलं, ते एका पेल्यात कालवलं, "जास्त ताकद यावी म्हणून". ताकद कसली? साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात असले की आतड्यातून पाणी रक्तात नीट ओढलं जातं. साखर जास्त झाली की उलट पाणी आतड्यात येतं आणि जुलाब वाढतात. पाकिटावर एक लिटर की २०० मिलिलिटर ते छापलेलं असतं, ते वाचायला चष्मा लागत असेल तर चष्मा न्या. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पिण्याच्या पाण्यात, आणि उरलेलं चोवीस तासांनी फेकून द्यायचं. २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, तसल्या गोड पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली ती उगाच नाही.

पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग चमच्या-चमच्याने. गटागटा प्यायला दिलं की परत बाहेर. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं, नातेवाइकांच्या हातून रोग्यांना पाजलं आणि कॉलऱ्याचे मृत्यू झपाट्याने घटले. तिथे जमलं ते तुम्हाला भंडारदऱ्यात जमेल, फक्त घाई नको.

जुलाब बंद करायची गोळी ताप असताना किंवा शौचातून रक्त पडत असताना मनाने घ्यायची नाही. पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी बंद असेल, माणूस गुंगीत असेल, तर सकाळची वाट बघू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. घाटात गाडी लागते म्हणून गोळी घेतलेल्या माणसाने स्टिअरिंगला हात लावू नये, त्या गोळीने झोप येते. तलावाचं पाणी नितळ दिसतं म्हणून पिऊ नका; खळखळून उकळा, नाहीतर घरूनच कॅन न्या. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या डिक्कीत नकोत, खिशात हव्यात. साप चावला तर पट्टी आवळून बांधणं, चिरणं, चोखणं काही करायचं नाही. चावलेला भाग हलू न देता रुग्णालय गाठायचं.

आणि शेगडी तंबूत घ्यायची नाही. निखारे विझल्यासारखे दिसले तरी नाही, चेन अर्धी उघडी ठेवली तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस "पित्त झालंय" म्हणून कूस बदलून झोपतो, आणि उठतच नाही. दोघांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर पित्ताची गोळी शोधत बसू नका, बाहेर पळा. थंडी वाजते? दुसरं ब्लँकेट न्या, मी त्याचे पैसे घेत नाही.

दुखणं अंगावर काढण्यामागे बऱ्याचदा दोन रात्रींचं भाडं असतं. आगाऊ दिलंय, सोडायचं कसं, म्हणून तापातही लोक तिथेच पडून राहतात. माझ्याकडून नेलेल्या तंबूचं उरलेल्या रात्रीचं भाडं आजारपणात परत मिळतं, त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. तंबूत कुणाला उलटी झाली असेल तर लाजेने गुंडाळून देऊ नका, तसं सांगा. धुवायचं मी बघतो, फक्त ओला गुंडाळू नका.