रक्ताची उलटी झालेला पेशंट: बीपी बघून 'स्टेबल' लिहू नका

आधी नातेवाईकांसाठी. रक्ताची उलटी झाली किंवा डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शी झाली तर पेशंटला ॲक्टिव्हावर दोघांच्या मध्ये बसवून आणू नका. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये असे आणलेले मी पाहिलेत, दारात उतरवेपर्यंत मान टाकलेली असते. 108 ला फोन करा. आणि ॲसिडिटी असेल म्हणून थंड दूध पाजू नका, तोंडाने काहीच नाही, पाणीसुद्धा.

आता नवीन स्टाफसाठी. डाव्या कुशीवर झोपवा, सक्शन (तोंडातलं रक्त ओढून घ्यायचं मशीन) हाताशी, डॉक्टरला कॉल, हे येतंच तुम्हाला. लाईन (शिरेत टाकायची सुई) दोन घ्या, दोन्ही हातांना एकेक, हिरवी 18 किंवा राखाडी 16. बारीक निळी 22 टाकून 'मिळाली बाई एकदाची' म्हणायचं नाही, तिच्यातून रक्त भराभर जात नाही. क्रॉसमॅचचं (चढवायचं रक्त जुळतं का ते बघायचं) सँपल तेव्हाच काढा, नंतर व्हेन सापडत नाहीत.

मी जिथे आपटले ते पुढे आहे. नवीन होते, नाईटला हडपसरचे एक काका आले, गुडघ्यासाठी मेडिकलमधून स्वतःच पेनकिलर आणून महिनाभर खात होते. बीपी 110/70, हिमोग्लोबिन 11, पल्स 118. पल्सकडे बघितलं पण मनात म्हटलं घाबरलेत, आणि चार्टवर 'स्टेबल' लिहून मोकळी झाले. पहाटे म्हणाले, सिस्टर जरा संडासला जाऊन येतो, मी म्हटलं जा सावकाश, आणि काका संडासच्या दारातच कोसळले. वाचले, पण तो आवाज अजून कानात आहे.

मोठ्या माणसात साधारण 5 लिटर रक्त असतं. त्यातलं जवळपास दीड लिटर जाईपर्यंत शरीर नसा आवळून आडवं झोपलेल्या माणसाचं बीपी टिकवून धरू शकतं, म्हणजे बीपी पडलं तेव्हा तुम्ही ऑलरेडी लेट झालात. पल्स आधी बोलते. 100 च्या वर, हातपाय गार, घाम, उगाच चिडचिड, सारखं पाणी मागणं. हिमोग्लोबिनवर तर सुरुवातीला अजिबात जाऊ नका, पेशी आणि पाणी दोन्ही एकदम जातात त्यामुळे पहिले काही तास रिपोर्ट छान दिसतो.

यात एक खोच आहे. लिव्हरच्या पेशंटला बऱ्याचदा प्रोप्रॅनोलॉल (पल्स कमी ठेवणारी गोळी) चालू असते, त्याची पल्स वाढतच नाही, 80 दाखवेल आणि आतून रक्त वाहत असेल. म्हणून नातेवाईकांना 'गोळ्या कसल्या?' विचारून भागत नाही, 'बीपी-शुगरच्या असतील' एवढंच कळतं, सरळ गोळ्यांची पिशवी मागवा. रक्त पातळ करायची गोळी आहे का तेही त्यातच कळतं.

पल्स-बीपी दर 15 मिनिटांनी, आणि आकडा एकटा बघायचा नाही, मागच्या आकड्याशेजारी ठेवून बघायचा. लघवी तासाला किलोमागे अर्धा मिली, म्हणजे 60 किलोच्या माणसाला निदान 30. आणि बेडपॅन! कितीही लाजले, चिडले तरी उठवायचं नाही. आतड्यात रक्त उतरलं की शीची घाई होते, म्हणजे 'जाऊन येतो' हेच लक्षण समजा.

रक्त चढवताना पिशवी दोघांनी पेशंटजवळ उभं राहून तपासा, पहिली 15 मिनिटं हलू नका. एंडोस्कोपी (तोंडातून नळी घालून पोटात बघणं) बहुतेक वेळा पेशंट सावरल्यावर 24 तासांच्या आत होते, कवळी तेवढी काढून ठेवा.

स्कोपीनंतर काळी शी दोन-तीन दिवस येतच राहते, ते जुनं रक्त, नातेवाईक धावत आले तरी शांतपणे पल्स मोजा. पण पुन्हा लाल दिसलं किंवा 84 ची पल्स 104 झाली तर रात्रीचे तीन वाजलेले असोत, डॉक्टरला उठवा, ओरडले तर ओरडले.